पावसाळ्याची तयारी आणि पुण्याचा शेजारधर्म

पुण्यास विद्येचे माहेरघर म्हणण्याचा प्रघात जुना आहे. परंतु विद्यार्थी आले म्हणजे त्यांस राहावयास घर लागते, आणि घर म्हटले की त्याचे छप्पर, पन्हळ, भिंत व मोरी यांची काळजी कोणी तरी वाहावी लागते. ही काळजी कोणी वाहावयाची, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. पण ज्या गावात दर जूनमध्ये नवी माणसे येतात आणि दोन-चार वर्षांनी निघून जातात, त्या गावी तो तितका क्षुल्लक राहत नाही. जो आज खोलीत राहतो त्याला ती आपली वाटत नाही, आणि ज्याची ती आहे तो पुष्कळदा तेथे राहत नाही. पावसाचे पाणी मात्र मालक कोण व भाडेकरू कोण याची चौकशी करीत नाही.

पुण्याची वाढ महाविद्यालयांच्या पाठोपाठ कशी झाली हे पाहण्याजोगे आहे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली स्थापन झाली व फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ साली सुरू झाले. ते नदीपलीकडील सध्याच्या जागेत गेले तेव्हा तो भाग माळरानासारखाच होता. १८९७ च्या प्लेगने पेठांतील दाट वस्तीचे दोष लोकांच्या ध्यानात आणून दिले. १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला आणि लकडी पुलाच्या पलीकडे मोकळी, बागबगिच्यांची घरे उठू लागली. इकडे पेठांतील वाड्यांत बाहेरगावचे विद्यार्थी खोली घेऊन राहत. कोणी वार लावून जेवत, कोणी माधुकरी मागत. १९४९ साली पुणे विद्यापीठ झाल्यावर हा ओघ अधिकच वाढला. पुढे खोलीऐवजी खाटेचे भाडे देण्याची, म्हणजे ‘कॉट बेसिस’ची, चाल पडली.

वाड्यातील राहणीस अनेक गैरसोयी होत्या. पण तिची एक शिस्त होती. चौक एक, नळ एक, जिना एक. म्हणून एकाची हयगय साऱ्यांस भोवत असे. त्यामुळे वैशाख सरला की कामे आपोआप ठरत. मृग नक्षत्र साधारणतः ७-८ जूनला लागते. त्याच्या आत कौले शाकारावयाची, फुटलेली कौले बदलावयाची, पन्हळीतला पाला काढावयाचा, जळण कोरड्या जागी रचावयाचे आणि वर्षाचे धान्य उन्हात वाळवून कणग्यांत भरावयाचे. पापड, कुरडया व सांडगे हेही त्याच उन्हात होत. याच सुमारास महाविद्यालयांस सुट्टी असल्यामुळे विद्यार्थी गावी गेलेले असत आणि खोल्या रिकाम्या मिळत. दुरुस्तीस याहून सोयीचा काळ नाही, आणि ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे.

आता घरात ओल शिरते कशी ते पाहू. पुण्यात वर्षाकाठी सुमारे २८ इंच पाऊस पडतो. कोकणच्या मानाने हा थोडाच. पण घर बिघडते ते पाऊस किती पडला यापेक्षा पाणी किती वेळ साचून राहिले यामुळे. जुन्या वाड्याचे जोते दगडी, सांगाडा सागवानी खांब-तुळयांचा आणि वरच्या भिंती पुष्कळदा पांढऱ्या मातीच्या विटांच्या असत. त्यांवरील चुन्याचा गिलावा ओल शोषून घेई, पण ऊन पडताच ती बाहेरही सोडी. अशा भिंतीस मजबुतीच्या समजुतीने सिमेंटचा गिलावा केला, तर आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही. ते विटांत मुरते, भिंतीत गेलेल्या तुळईचे टोक कुजते, आणि जेथे लाकूड दमट तेथे वाळवी येतेच. बाहेरून भिंत ठाकठीक दिसते आणि आतून ती पोकळ होत जाते. म्हणून जुन्या घराच्या डागडुजीस चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा. त्याची मजुरी अधिक पडली तरी ती शेवटी स्वस्तच ठरते.

नव्या इमारतींवर सपाट गच्ची असते. तिचे शत्रू निराळे. गच्चीचा उतार पाणी उतरण्याच्या नळाकडे हवा आणि त्या नळाच्या तोंडाशी जाळी हवी. मे महिन्यात चार बादल्या पाणी ओतून ते कोठे थांबते हे पाहणे, यासारखी साधी व बिनखर्ची परीक्षा दुसरी नाही. कठड्याच्या सांध्यात पिंपळाचे किंवा वडाचे रोप दिसले तर ते वरवर खुडू नये. मूळ शिल्लक राहिल्यास ते पुन्हा फुटते आणि त्याबरोबर सांधाही फुटतो. विजेच्या बटणाच्या फळीमागील भिंत ओली लागत असेल, तर मुख्य बटण बंद करून वीजकाम जाणणाऱ्यास बोलवावे. गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण घरात बसविलेले असावे आणि त्याचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.

पाऊस सुरू झाला की निगेचे रूप बदलते. डेंग्यूचा प्रसार करणारा डास गटाराच्या घाणीत वाढत नाही. त्यास स्वच्छ, साचलेले पाणी लागते. अंड्यापासून डास होण्यास सुमारे आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी कोरडी करावयाची असे सांगतात. परंतु नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. या डासाची अंडी भांड्याच्या कडेस चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून आतली बाजू घासली पाहिजे. कुंडीखालची ताटली, शीतकपाटामागचा पाण्याचा कप्पा आणि सुट्टीत बंद असलेल्या खोलीतील बादली ही ठिकाणे नेहमी विसरली जातात. एका बंद खोलीत निपजलेले डास सगळ्या मजल्यास पुरतात.

ही कामे कोणाची, या प्रश्नाकडे आता वळू. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवली. भाडेकरूस त्यामुळे आधार मिळाला. पण कौलांचा व मजुरीचा भाव वाढत असता भाडे तेथेच राहिल्याने दुरुस्तीचा उत्साह मालकास उरला नाही, आणि अनेक वाडे या ओढाताणीतच खचले. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने भाड्यात दरसाल ४ टक्के वाढ करण्यास मुभा दिली आणि घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकली. मालकाने हयगय केल्यास निदान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूंना स्वतः दुरुस्ती करता येते व तो खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक रक्कम कापता येत नाही. करारावर राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी कोणती दुरुस्ती कोणी करावयाची हे करारपत्रातच लिहून घ्यावे.

सहकारी गृहसंस्थांत मालक तेच रहिवासी असल्याने अडचण निराळी असते. आदर्श उपविधींप्रमाणे प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के रक्कम दरसाल दुरुस्ती निधीत व किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात जमा व्हावी लागते. बांधकाम खर्च २० लाख रुपये धरल्यास ही रक्कम अनुक्रमे १५,००० व ५,००० रुपये होते. शिवाय १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी तज्ज्ञाकडून तपासणी करावयाची असते. वर्गणी वाचविण्यासाठी सभेत हे विषय पुढे ढकलले जातात, आणि वाचविलेल्या पैशाच्या कितीतरी पट खर्च पुढे एकदम अंगावर येतो.

खर्च पैशापुरताच राहील असेही नाही. २९ जून २०१९ रोजी कोंढव्यात एका गृहसंकुलाची कुंपणभिंत शेजारच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण मृत्युमुखी पडले. उंचावरील माती अडविणाऱ्या भिंतीस पाणी निघून जाण्यासाठी भोके ठेवावी लागतात. ती बुजली की भिजलेल्या मातीचा व मागे साचलेल्या पाण्याचा सारा भार भिंतीवर येतो. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याला पूर येऊन अनेकांचे प्राण गेले. आपल्या भिंतीची भोके साफ करणे आणि ओढ्यात राडारोडा न टाकणे ही घरगुती कामे आहेत. पण त्यांवर भिंतीपलीकडच्या माणसांचे जीवित अवलंबून असते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही. नदीकाठच्या पेठांतील कित्येक घरे एका दिवसात गेली, आणि पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर व लोकमान्यनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. तशा प्रसंगी शेजारी कोण आहे, तो म्हातारा आहे की आजारी, त्याच्या घरी फळीवर चढून सामान काढणारे कोणी आहे की नाही, ही माहिती उपयोगी पडते. आणि ती आधीची ओळख असेल तरच असते. ओळख होण्यास गणेशोत्सव आहे, कोजागरी आहे. पण मे महिन्यातील गच्ची धुण्याचा एक रविवारही त्यास पुरेसा आहे.

तेव्हा प्रत्येक इमारतीत वर्षाचे तीन दिवस नेमून ठेवावेत. पहिला मेच्या मध्यास, छप्पर, पन्हळी व भिंतींच्या पाहणीसाठी. दुसरा जुलैत, नवे विद्यार्थी स्थिरावल्यावर, साचलेल्या पाण्याची ठिकाणे त्यांस दाखविण्यासाठी. तिसरा नवरात्र व दिवाळी यांच्या दरम्यान, भिंती पुरत्या वाळल्यावर, रंगसफेदीपूर्वी भेगा बुजविण्यासाठी. ओल्या भिंतीवर दिलेला रंग पोपडे धरतो. या तिन्ही दिवशी खोली भाड्याने घेतलेल्या मुलामुलींनाही बोलवावे. ती दोन वर्षांनी निघून जातील हे खरे. पण पन्हळ कशी साफ करावी हे शिकून गेली, तर ज्या गावी ती राहतील तेथील छप्पर तरी गळावयाचे नाही.