वापर वाढला, पण मर्जीनं?

खरिपात सोयाबीन उभं राहिलं की परभणीजवळच्या पिंगळीच्या शेतकऱ्याला मोबाइल घेऊन धुऱ्यावर जावं लागतं. ई-पीक पाहणीचं अ‍ॅप उघडायचं, खातेदार आणि गट क्रमांक निवडायचा, पीक नि क्षेत्र भरायचं आणि शेतातच उभं राहून फोटो काढायचा. ओसरीवर बसून भागत नाही, कारण जागाही नोंदली जाते. राज्यात हे 15 ऑगस्ट 2021पासून सुरू आहे. त्याआधी पीकपेरा तलाठी लिहायचा, आणि तो दर वेळी शिवारात फिरूनच लिहायचा असं कोणी म्हणणार नाही.

अशा डिजिटल सरकारी सेवांवर जगभर ढीगभर संशोधन होतं. सुरुवातीच्या अभ्यासकांची नजर सरकारवर होती. लेन आणि ली यांनी 2001मध्ये चार पायऱ्यांची शिडी मांडली: आधी नुसती माहिती, मग व्यवहार, मग एकाच खात्याचे वरचे-खालचे स्तर जोडणं, शेवटी वेगवेगळी खाती जोडणं. मँचेस्टरच्या रिचर्ड हीक्स यांनी 2003च्या सुमारास त्या उत्साहावर पाणी ओतलं. विकसनशील देशांतले असे 35 टक्के प्रकल्प पुरते फसलेले आणि 50 टक्के अर्धवट, असा त्यांचा अंदाज होता.

मग प्रश्नावल्यांचा हंगाम आला. लोक सेवा का वापरतात? उपयोगी वाटते म्हणून की सोपी वाटते म्हणून? या विचाराचं एक मूळ शेतीत आहे. अमेरिकेत आयोवाच्या शेतकऱ्यांनी संकरित मक्याचं बियाणं कसं स्वीकारलं, याचा अभ्यास 1943मध्ये आला. त्याच परंपरेतून एव्हरेट रॉजर्स यांनी 1962मध्ये नव्या गोष्टींच्या प्रसाराचा सिद्धान्त मांडला. पिंगळीपासून जवळच, परभणीच्या कृषी विद्यापीठात विस्तार शिक्षण शिकणाऱ्याला हे नाव नवं नाही.

पण बियाणं नको असेल तर शेतकरी घेत नाही. पाहणी नको म्हणायची सोय कुठे आहे? 2023च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाला हेक्टरी 5,000 रुपयांची सरकारी मदत जाहीर झाली, तेव्हा आधी ई-पीक पाहणीची नोंद मागितली गेली. नोंद राहिलेल्यांची ओरड झाली आणि मग सातबाऱ्यावरची नोंदही चालेल असं ठरलं. अशा ठिकाणी ‘वापर वाढला’ हे समाधानाचं लक्षण मानणं मला भाबडेपणाचं वाटतं.

अलीकडचं संशोधन म्हणूनच ओझ्याकडे वळलं आहे. पामेला हर्ड आणि डोनाल्ड मोयनिहन यांनी 2018च्या पुस्तकात नियम समजून घेण्याचा, कागद जुळवण्याचा आणि मनस्तापाचा खर्च मोजायला हवा असं मांडलं. झारखंडमध्ये मुरलीधरन, नीहाउस आणि सुखटणकर यांनी रेशनवरची आधार-पडताळणी तपासली. ज्यांचं आधार आधी जोडलेलं नव्हतं, त्यांच्या पदरात पडणारा लाभ सुमारे 10 टक्क्यांनी घटला.

आपल्याकडे अजून एक गोष्ट निसटते. सेवा केंद्रावर ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ ऐकून परतलेला माणूस प्रश्नावलीत सापडत नाही. ज्याचा ओटीपी पुतण्याच्या मोबाइलवर येतो, तो मात्र ‘वापरकर्ता’ म्हणून मोजला जातो. कुणाला पिंगळीत अभ्यास करायचाच असेल, तर हंगाम संपल्यावर ज्यांच्या सातबाऱ्यावर पिकाची नोंदच नाही अशा खातेदारांची यादी करावी, खरोखर पडीक राहिलेले गट वजा करावेत आणि उरलेल्यांच्या दारी जावं.