लाल कुणाला म्हणायचं?

साठ मुलांचा वर्ग आणि सहा विषय म्हटले, की गुणतक्त्यात ३६० आकडे होतात. त्यातले ३५च्या खालचे शोधायला वर्गशिक्षक लाल पेन घेऊन बसायचे. एक्सेलमध्ये हे काम ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ करतं. गुणांचे रकाने निवडायचे, होम टॅबवर कंडिशनल फॉरमॅटिंग, त्यात हायलाइट सेल्स रूल्स, मग लेस दॅन, आणि चौकटीत ३५. संपलं काम. फेरतपासणीत कुणाचे ३३चे ३६ झाले, तर लाल रंग आपोआप उतरतो.

ही सोय एक्सेल ९७पासून आहे. तेव्हा एका सेलला तीनच अटी घालता यायच्या. २००७च्या आवृत्तीत ती मर्यादा गेली आणि रंगांच्या छटा, सेलमधल्या आडव्या पट्ट्या, बाण, सिग्नलचे दिवे असा सगळा पसारा आला. तक्ते देखणे झाले. शहाणे झालेच असं नाही.

कलर स्केलचंच बघा. एक क्लिक केली की रकाना लाल-पिवळा-हिरवा होतो, पण आपण अट अशी कुठलीच सांगितलेली नसते. मूळ मांडणीत निवडलेल्या आकड्यांतला सगळ्यात लहान तो लाल, सगळ्यात मोठा तो हिरवा आणि क्रमाने मधोमध येणारा पिवळा. त्यामुळे ज्या तुकडीत सगळे ८० ते ९५च्या दरम्यान आहेत, तिथेही ८०वालं पोर लालेलाल दिसतं. शेजारच्या तुकडीत कुणी चाळिशी ओलांडली नसेल, तर तिथले ४० हिरवेगार! हे दोन तक्ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर शेजारी-शेजारी आले, की काय गोंधळ होईल ते सांगायला नको. ‘बिलो ॲव्हरेज’, ‘टॉप टेन’ हे नियमही आपसातलीच तुलना करतात. स्पर्धेसाठी मुलं निवडायची असतील तर ती हवीच. पण पास-नापासाची हद्द बाहेरून ठरलेली असते. रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक आकड्याशेजारी त्याची योग्य मर्यादा छापलेली असते. त्या दिवशीच्या पेशंटांत तुमचं हिमोग्लोबिन कितव्या नंबरावर, हे लॅबवाला सांगत बसत नाही.

आता गैरहजर मुलाकडे येऊ, कारण खरी फसगत तिथे होते. ‘३५पेक्षा कमी’ असं सूत्र लिहून नियम केला आणि त्या मुलाची जागा कोरी ठेवली, तर सूत्र कोऱ्या सेलला शून्य समजतं आणि तो नापासांत जातो. तिथे ‘गैरहजर’ असं लिहिलं, तर उलटंच. एक्सेलच्या हिशेबात अक्षरं कुठल्याही आकड्यापेक्षा मोठी, म्हणून हा गडी लाल होतच नाही. वरवर बघणाऱ्याला पास झालेला वाटतो. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणलेले आकडेही कधी कधी अक्षरं म्हणूनच येतात, तेव्हा चक्क २० गुणसुद्धा पांढरे राहतात. ओळखायची खूण सोपी: सेलची मांडणी बदललेली नसेल, तर खरे आकडे उजवीकडे टेकतात आणि अक्षरं डावीकडे. गैरहजरांसाठी वेगळा नियम, वेगळा रंग, आणि तो यादीत सगळ्यात वर, हा त्यावरचा उपाय.

नुसता आकडा नको, मुलाची नावासकट आख्खी ओळ रंगवायची असेल, तर सूत्रात रकान्याच्या अक्षराआधी डॉलरचं चिन्ह टाकावं लागतं. ते विसरलं तर एक्सेल प्रत्येक सेलसाठी एकेक रकाना पुढे सरकत भलत्याच विषयाचे गुण तपासतो, आणि कुठलेही तुकडे कसेही रंगतात.

लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं आपल्या वाटण्यापेक्षा जास्त असतात, पुरुषांत तर अधिकच. शिवाय शाळेतला तक्ता शेवटी झेरॉक्सच्या काळ्या-पांढऱ्यातूनच फिरतो. म्हणून रंगाच्या जोडीला आकडा ठळकही करा. आणि तक्त्याखाली एक ओळ जरूर टाइप करा: ‘लाल म्हणजे ३५पेक्षा कमी’. ही ओळ लिहिता येत नसेल, तर तो रंग काढून टाका.