झिजेचा हिशेब : प्रा. जयंत देशपांडे यांच्या संशोधनाचा मागोवा

दिवाळीनंतर बोदवडच्या बाजारात कापसाच्या गाड्या उतरू लागल्या की येथील जिनिंग कारखान्यांना उसंत म्हणून उरत नाही. आणि अशा ऐन हंगामात एखाद्या जिनाचे बेअरिंग गेले, तर त्या सुट्या भागाच्या किमतीहून कितीतरी अधिक नुकसान खोळंबलेल्या मालाचे आणि बसून राहिलेल्या मजुरीचे होते. म्हणूनच पावसाळ्यात मिस्त्री यंत्रे उघडून बसतो, आणि धडधाकट चालणारा भाग मुदतीआधीच बदलावा की मोडेपर्यंत चालू द्यावा, हा प्रश्न दरसाल मालकापुढे उभा राहतो.

या प्रश्नाचे शास्त्र गेल्या शतकाच्या मध्यास आकाराला आले. स्वीडनच्या वालोडी वायबुल यांचा आयुर्मानाच्या वितरणावरील प्रसिद्ध निबंध १९५१ मधला. बार्लो आणि हंटर यांनी भाग केव्हा बदलावा याचे गणित १९६० मध्ये मांडले. आणि बार्लो व प्रोशान यांच्या १९६५ च्या ग्रंथाने या विषयाला शास्त्राची प्रतिष्ठा दिली. परंतु मुदतीआधी भाग बदलण्याची ही सारी मांडणी एका गृहीतावर उभी आहे. वस्तू वापराने झिजत असेल, तरच ती मुदतीआधी बदलण्यात लाभ. मोड निव्वळ आकस्मिक असेल, तर जुना भाग नव्याइतकाच भरवशाचा असतो आणि तो काढून टाकणे म्हणजे उघड उघड अपव्यय होय. दुसऱ्या महायुद्धात संशोधक वॉडिंग्टन यांना तर ब्रिटिश विमानांच्या बाबतीत असे आढळले होते की नियतकालिक तपासणीच्या लगेच नंतरच बिघाड वाढतात.

तेव्हा मुदत ठरविण्याआधी वस्तू खरोखर झिजते काय, हे नोंदींवरून सिद्ध करावयास हवे. आणि नेमक्या याच ठिकाणी पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे माजी प्राध्यापक जयंत देशपांडे यांचे कार्य मला सर्वाधिक मोलाचे वाटते. झीज ओळखण्याच्या कसोटीविषयीचा त्यांचा निबंध ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात १९८३ साली आला, आणि तो अवघ्या पाच पृष्ठांचा आहे.

त्यातील युक्ती अशी की, एकाच प्रकारच्या भागांच्या आयुष्यांतून दोन-दोन आयुष्ये घ्यावीत आणि पहिले दुसऱ्याच्या निम्म्याहून अधिक आहे काय, एवढेच पाहावे. मोड केवळ आकस्मिक असेल, तर असे घडण्याची संभाव्यता बरोबर दोन तृतीयांश येते. झीज असेल, तर ती त्याहून वाढते. समजा, चार बेअरिंगे अनुक्रमे ३, ५, ७ आणि ८ महिने चालली. क्रम धरून त्यांच्या १२ जोड्या होतात. ५, ७ आणि ८ ही आयुष्ये इतर प्रत्येकाच्या निम्म्याहून मोठी आहेत. ३ मात्र केवळ ५ च्या निम्म्याहून मोठे आहे. म्हणजे १२ पैकी १० जोड्या कसोटीस उतरतात, आणि हे प्रमाण दोन तृतीयांशाहून अधिक भरते. चार नोंदींवर निकाल देणे अर्थातच घाईचे होईल, कारण एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. परंतु नोंदी वाढल्या की याच मोजणीला निर्णयाचे बळ येते. कारखान्याच्या कारकुनाला वही-पेन्सिलीने करता यावी अशी ही मोजणी आहे, आणि तिच्यामागचे गणित मात्र अत्यंत कसदार आहे.

ते कसे, हे सांगितले पाहिजे. बिघाडाचा दर सतत चढता असणे ही झिजेची सर्वांत सरळ व्याख्या. पण असे भाग जोडून यंत्र बांधले, तर सबंध यंत्राला ती व्याख्या लागू पडेलच असे नाही. बर्नबाउम, इसारी आणि मार्शल यांनी १९६६ मध्ये दाखविले की, सरासरी दर चढता असण्याचा गुण मात्र भागांकडून यंत्राकडे अबाधित उतरतो. देशपांडे यांची कसोटी याच व्यापक गुणासाठी आहे. म्हणून ती सुट्या बेअरिंगला जशी लागू होते, तशीच अनेक भागांनी घडलेल्या अखंड जिनालाही. पुढे १९८६ मध्ये कोचर आणि सिंग यांच्यासह त्यांनी झिजेच्या निरनिराळ्या कल्पनांचे परस्परसंबंध उलगडले; तो निबंधही या विषयाच्या अभ्यासकांना परिचित आहे.

उत्तरकाळात त्यांचे लक्ष मोडीच्या कारणांकडे वळले. इशा देवन आणि संगीता कुलथिनल यांच्याबरोबरच्या २००४ च्या निबंधात, वस्तू केव्हा मोडली आणि कशाने मोडली या दोन गोष्टी परस्परावलंबी आहेत काय, याची परीक्षा आहे. सुधा पुरोहित यांच्यासमवेत २००५ मध्ये लिहिलेल्या आयुर्मानविषयक ग्रंथात अपूर्ण नोंदींचाही सविस्तर विचार आहे, आणि आमच्या जिनिंगवाल्यांना मला त्याचीच शिफारस अगत्याने करावीशी वाटते. पावसाळ्यात चालू स्थितीत काढलेले बेअरिंग आणि हंगामात जळालेले बेअरिंग ही दोन्ही दफ्तरी ‘बदलले’ अशा एकाच शब्दाने नोंदली, तर पहिल्याचे आयुष्य तिथेच संपले असा खोटा अर्थ निघतो, आणि त्यावर बेतलेली मुदत अकारण आखूड होते. तारीख आणि खर्च यांच्या शेजारी ‘चालू होते की मोडले’ आणि ‘कशाने’ असे दोन रकाने येत्या हंगामापासून आखून घ्यावेत, एवढीच मुदत ठरविण्याच्या कामाची पूर्वतयारी आहे.