सिद्धान्तशिरोमणींतील पाऱ्याचें चक्र व फिरत्या द्रवांचे धर्म

भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें रचिलेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायांत यंत्राध्याय नांवाचें एक प्रकरण आहे. शंकु, यष्टि, घटी, फलक इत्यादि वेधोपयोगी यंत्रें सांगून झाल्यावर त्यांत आपोआप फिरणाऱ्या, म्हणजे ‘स्वयंवह’, चक्रांची कृति दिली आहे. अलीकडे कित्येक लेखकांनीं या श्लोकांवरून ‘आचार्यांनीं अखंड गतीचा शोध लाविला होता’ असें विधान केलेलें आढळतें. पोथी काय म्हणते व तींतील द्रव प्रत्यक्षांत कसा वागतो, हें दोन्ही पाहिल्यावांचून या विधानास मान डोलविणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

कृति अशी. हलक्या लाकडाचें चक्र करावें. त्याचे आरे पोकळ, सारख्या मापाचे, सारख्या अंतरावर व सर्व एकाच दिशेस किंचित् वांकलेले असावेत. ते पाऱ्यानें अर्धे भरून तोंडें बंद करावीं आणि चक्र आंसावर चढवावें, म्हणजे तें आपोआप फिरूं लागतें. दुसऱ्या प्रकारांत परिघावर पन्हळ कोरून ती ताडपत्र व मेण यांनीं झांकावयाची, आणि अर्ध्या भागांत पाणी व अर्ध्यांत पारा घालून भोंक बुजवावयाचें. तिसऱ्यांत वांकड्या तांब्याच्या नळीनें, जिला कारागीर कुक्कुटनाडी म्हणत, कुंडांतील पाणी चक्राच्या घटांवर पाडावयाचें. हा तिसरा प्रकार खरोखर चालतो, कारण तेथें पाणी उंचावरून खालीं येतें. कुंड रिकामें झालें कीं चक्रहि थांबतें.

पहिल्या प्रकाराची भूल मोठी मोहक आहे. आरे वांकडे असल्यामुळें एका बाजूचा पारा परिघाकडे सरतो व दुसऱ्या बाजूचा तुंब्याकडे येतो; लांबचा पारा अधिक जोरानें ओढील असें सहज वाटतें. परंतु चक्र एका आऱ्याइतकें फिरलें कीं प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याची जागा घेतो व पाऱ्याची मांडणी पूर्ववत् होते. सबंध पाऱ्याचा गुरुत्वमध्य खालीं आलेला नसतो. मग आंसाच्या घर्षणांत जी शक्ति खर्च झाली ती आली कोठून? हातानें दिलेल्या धक्क्यांतून. ती सरली कीं चक्र उभें राहतें. शिवाय वेग वाढविला तर जी विषमता हवी होती तीच नाहींशी होते. चक्राची त्रिज्या सुमारें एक हात, म्हणजे ४५ सेंटिमीटर, धरली तर मिनिटास साधारण ४५ फेऱ्यांच्या पुढें परिघाजवळचा पारा शिरोभागींहि खालीं न येतां बाहेरच दाबून बसतो. पन्हळीच्या प्रकारांत तर पाण्याच्या १३.६ पट जड असलेला पारा तळाशीं बसून राहतो आणि लांकूड त्याच्यावरून घसरत जातें.

आतां आचार्यांचा स्वतःचा अभिप्राय पहा. ज्या यंत्रास बाहेरच्या पाण्याची अपेक्षा आहे त्यास ते ग्राम्य ठरवितात. अशीं पुष्कळ स्वयंवह यंत्रें हातचलाखीनें चालतात असें स्पष्ट सांगतात. आणि गोलाशीं यांचा संबंध नसून पूर्वाचार्यांनीं सांगितलीं म्हणून आपण सांगितलीं, असें म्हणून प्रकरण आटोपतें घेतात. पाऱ्याचें चक्र शके ५५० मधील ब्राह्मस्फुटसिद्धान्तांतहि आहे. म्हणजे हा वारसा आहे, शोध नव्हे. गौरव करणारे मात्र नेमके हेच शेवटचे श्लोक गाळतात! लॅन्सलॉट विल्किन्सन यांचें व बापूदेव शास्त्र्यांनीं शोधिलेलें भाषांतर १८६१ मध्यें कलकत्त्यास छापलें गेलें, त्यांत ते आहेत. युरोपांतहि तेराव्या शतकांत विलार द ऑनकूर याच्या वहींत अशाच चक्राचें चित्र आहे. पॅरिसच्या विज्ञानसभेनें अशा कल्पना तपासणें १७७५ त बंद केलें.

फिरत्या द्रवाचा खरा चमत्कार उभ्या चक्रांत नसून आडव्या थाळींत आहे. रत्नागिरीस आम्ही एका जुन्या ग्रामोफोनच्या चक्रावर मध्य साधून पाण्याची थाळी ठेविली. मिनिटास ७८ फेऱ्यांना पाणी मध्यें खोल व कडेस उंच होऊन स्थिर राहिलें. गणितानें १० सेंटिमीटर त्रिज्येवर हा फरक सुमारें ३.४ सेंटिमीटर येतो. प्रत्येक कणावर गुरुत्व खालीं व केंद्रोत्सारी प्रेरणा बाहेर ओढते. दुसरी त्रिज्येच्या प्रमाणांत वाढते, म्हणून पृष्ठाचा उतारहि त्याच प्रमाणांत वाढतो, आणि असा पृष्ठभाग अन्वस्ताचाच असतो. अन्वस्त आरसा समांतर किरण एका नाभींत आणतो. नाभीचें अंतर म्हणजे गुरुत्वप्रवेगास कोनीय वेगाच्या वर्गाच्या दुपटीनें भागून येणारी संख्या. येथें ती सुमारें ७.३ सेंटिमीटर. द्रव जड कीं हलका याचा तींत संबंध नाहीं. म्हणून अंतर व वेग मोजून उलट गुरुत्वप्रवेगहि काढितां येतो, व शाळेंतील मुलांस हा प्रयोग सहज दाखवितां येईल.

पाऱ्याची योग्यता येथें कळते, कारण तो प्रकाश उत्तम परावर्तित करतो. अमेरिकन पदार्थविज्ञ वुड यानें १९०९ च्या सुमारास फिरत्या पाऱ्याच्या आरशाची दुर्बीण केली. नैनिताल जिल्ह्यांत देवस्थळ येथें ४ मीटर व्यासाच्या अशा आरशानें २०२२ मध्यें प्रथम आकाश टिपलें. तो सुमारें ८ सेकंदांत एक फेरी करतो व त्याची नाभि ८ मीटरांवर पडते. तेथेंहि गति विजेच्या यंत्रानें द्यावी लागते.

भारतीय ज्योतिःशास्त्राचे इतिहासकार शंकर बाळकृष्ण दीक्षित हे याच जिल्ह्यांतील मुरूडचे (१८५३–१८९८). त्यांच्या १८९६ च्या ग्रंथाच्या वाचकांस यंत्रांची आवड असणारच. त्यांस आमची विनंति एवढीच कीं, यंत्राध्यायाचीं सुटीं पानें सांपडल्यास त्यांतील आकृति, शेवटचे श्लोक व आचार्यांचें स्वतःचें वासनाभाष्य यांची नोंद यादींत अवश्य करावी. पाऱ्याचें नांव दिसलें कीं पान किमयेच्या बाडांत टाकण्याची संवय काहीं संग्राहकांस आहे, ती सोडावी. नृसिंहाच्या वासनावार्तिकाची किंवा मुनीश्वराच्या मरीचीची या प्रकरणावरील प्रत कोणापाशीं असेल तर तींत चक्राची आकृति आहे किंवा कसें, हें कळवावें.