बिडाचा पाइप, पीव्हीसीचं तोंड

जुन्या इमारतीच्या गच्चीवरून उतरणारा पावसाच्या पाण्याचा पाइप बहुधा बिडाचा असतो आणि जमिनीखाली नव्याने टाकलेला पीव्हीसीचा. गाठ इथेच पडते. पीव्हीसीचं सोल्व्हंट बिडाला धरत नाही, म्हणून प्लंबर सांध्याभोवती सिमेंटचा लपेटा मारून मोकळा होतो. पहिल्या पावसाळ्यात तो छान दिसतो. पण उष्णतेने पीव्हीसी बिडाच्या पाच-सहा पट प्रसरण पावतं. एका उन्हाळ्यात लपेट्याला केसाएवढी चीर जाते आणि पुढच्या जूनमध्ये जोत्याशी ओल धरते.

त्यापेक्षा रबरी कपलिंग घ्यावं, वर-खाली स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा आवळाव्यात. दुकानात जाण्याआधी दोन्ही पाइपांचा बाहेरचा व्यास मोजावा. दोन्हींना ‘चार इंची’ म्हणत असले तरी ते जुळतीलच असं नाही. बिडाच्या टोकावरचा गंज आणि जुन्या रंगाचे पोपडे आधी घासून काढायचे, नाहीतर रबर नीट बसत नाही.

बिडाचं वजन मात्र भिंतीतल्या क्लॅम्पांनीच पेलायला हवं. खालच्या प्लास्टिकच्या बेंडवर ते टेकलं, की बेंड फुटलाच म्हणून समजा.