कोष्टकानंतरची कोरी जागा : कारणे व निराकरण

खिळ्यांच्या छपाईत कागदावरील कोरी जागा म्हणजे केवळ शाईचा अभाव नसे. दोन शब्दांमधील किंवा दोन ओळींमधील अंतर राखण्यासाठी कंपोझिटर तेथे अक्षरांहून कमी उंचीचे धातूचे तुकडे बसवीत असे. वाचकाला जे रिकामे दिसे, ते जुळणीत भरीव असे. संगणकावर प्रबंध सिद्ध करणाऱ्या अभ्यासकाला हीच गोष्ट निराळ्या रूपाने भेटते. कोष्टक संपल्यावर अकारण दिसणारी कोरी जागा, आणि कित्येकदा उमटणारे संपूर्ण कोरे पृष्ठ, हीदेखील पोकळी नसून दस्तऐवजातील एक घटकच असतो. तो घटक कोणता हे न ओळखता पुसण्याची कळ कितीही वेळा दाबली, तरी त्याचे निराकरण होत नाही.

१९८३ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या मायक्रोसॉफ्ट वर्ड या वर्ड प्रोसेसरचे उदाहरण घेऊन ही रचना समजून घेता येईल. वर्डच्या दृष्टीने लेखनाचे मूलभूत एकक पृष्ठ नसून परिच्छेद हे होय. एंटरची कळ दाबताच परिच्छेदचिन्ह निर्माण होते आणि त्या परिच्छेदाची ठेवण, म्हणजे समास, अंतरे, ओळींची उंची इत्यादी, त्या चिन्हाशी निगडित राहते. कोष्टक हे परिच्छेदांच्या मालिकेत बसविलेले असते. परंतु मालिकेचा शेवट कोष्टकाने होऊ शकत नाही. दस्तऐवजाच्या अखेरीस कोष्टक आले, तर त्यापुढे एक परिच्छेद राहतोच आणि तो काढून टाकता येत नाही. कोष्टकाच्या एखाद्या घरात दुसरे कोष्टक बसविले, तर त्याखालीही असाच परिच्छेद राहतो. दोन कोष्टकांमधील परिच्छेद नाहीसा केला, तर ती दोन्ही कोष्टके एकमेकांस जोडली जातात. अर्थात् हा परिच्छेद निरुपयोगी नाही. तो कोष्टकाची सीमा आहे.

ही सीमा किती जागा व्यापते? वर्डच्या २०१३ च्या आवृत्तीत मूळ ठेवण ११ पॉइंट अक्षर, परिच्छेदानंतर ८ पॉइंट अंतर आणि १.०८ पट ओळ-अंतर अशी होती. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच. या हिशेबाने एक रिकामा परिच्छेद सुमारे २२ पॉइंट, म्हणजे जवळजवळ ८ मिलिमीटर जागा घेतो. वेलांट्या, मात्रा व रफार यांस वर आणि उकारांस खाली जागा लागत असल्यामुळे 'मंगल'सारख्या देवनागरी टंकात ओळ याहून उंच होते. कोष्टकाने पृष्ठ तळापर्यंत भरले असेल आणि एका ओळीपुरतीही जागा उरली नसेल, तर हा अदृश्य परिच्छेद पुढील पृष्ठावर जातो. कोरे पृष्ठ उत्पन्न होते ते असे.

प्रबंधात याचे अधिक गुंतागुंतीचे रूप आढळते. रुंद कोष्टकासाठी पृष्ठ आडवे करावयाचे, तर त्याच्या आधी व नंतर सेक्शन ब्रेक घालावा लागतो. विभागाच्या पृष्ठाची ठेवण त्या विभागाच्या शेवटच्या परिच्छेदात साठविलेली असते. केवळ अंतिम विभागाची ठेवण दस्तऐवजाच्या शेवटी स्वतंत्र असते. आडवे पृष्ठ कोष्टकाने पूर्ण भरले की सेक्शन ब्रेक वाहणारा परिच्छेद पुढे ढकलला जातो आणि आणखी एक आडवे, कोरे पृष्ठ दिसू लागते. ते घालविण्यासाठी ब्रेकच पुसला, तर आधीचा विभाग पुढच्या विभागाची ठेवण स्वीकारतो. परिणामी आडवे पृष्ठ उभे होते आणि कोष्टकाचे उजवीकडील स्तंभ कागदाबाहेर जातात. दोषाहून उपाय घातक ठरतो, तो येथे.

तथापि प्रत्येक कोरी जागा याच कारणाने निर्माण होते असे नाही. कोष्टकानंतरच्या शीर्षकास 'कीप विथ नेक्स्ट' हा गुण दिलेला असेल, आणि त्याच्यापुढील मजकूरही तसाच बांधलेला असेल, तर ती सारी साखळी एकत्रच पुढील पृष्ठावर जाते व मागे जागा मोकळी राहते. क्वचित् लेखकाने स्वतःच एंटर दाबून सोडलेल्या ओळी हे कारण असते. म्हणून प्रथम कंट्रोल, शिफ्ट व ८ या कळा एकत्र दाबून अदृश्य चिन्हे दृश्य करावीत. निदान हे निराकरणाच्या आधी आले पाहिजे.

अपरिहार्य परिच्छेदाच्या बाबतीत उपाय एकच : तो काढावयाचा नाही, लहान करावयाचा. त्याच्या अक्षराचा आकार १ पॉइंट, आधीचे व नंतरचे अंतर शून्य, आणि ओळ-अंतर 'एक्झॅक्टली' १ पॉइंट ठेवावे. सेक्शन ब्रेक असलेल्या परिच्छेदासही हाच उपाय लागू पडतो. एवढ्यानेही तो मावला नाही, तर खालचा समास किंचित कमी करावा. मात्र 'एक्झॅक्टली' हा गुण त्या एकाच परिच्छेदापुरता असावा. तो मराठी मजकुरास लागला, तर अंतर अपुरे पडून वरच्या वेलांट्या व अनुस्वार कापले जातात.

याहून श्रेयस्कर मार्ग म्हणजे त्या परिच्छेदास काम देणे. संशोधनपर लेखनात कोष्टकाखाली आधार किंवा टीप देण्याची प्रथा आहेच. तो मजकूर याच परिच्छेदात लिहावा. कोष्टकाच्या शेवटच्या ओळीस 'कीप विथ नेक्स्ट' हा गुण दिला, म्हणजे टीप एकटी पुढील पृष्ठावर न जाता त्या ओळीसह जाते. साध्या कोष्टकास 'नंतरचे अंतर' असा स्वतंत्र गुण वर्डमध्ये नाही. म्हणून रिकाम्या ओळी न सोडता टिपेच्या शैलीतच आधीचे व नंतरचे अंतर ठरवावे. असे अंतर सर्व प्रबंधात एकसारखे राहते व एकाच ठिकाणी बदलता येते.

हा प्रश्न केवळ देखणेपणाचा नव्हे. कोऱ्या पृष्ठासही क्रमांक मिळतो व त्यापुढील सर्व क्रमांक सरकतात. अनुक्रमणिका हाताने केलेली असेल तर ती चुकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी पीएच्.डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केले आणि असे प्रबंध 'शोधगंगा'वर सर्वांस खुले झाले. छापील प्रतीतील कोरे पान बांधणीपूर्वी काढून टाकता येई. इलेक्ट्रॉनिक प्रतीत ते कायम राहते, आणि कोष्टकाचा एखादा भाग गहाळ झाला की काय, अशी शंका वाचकाच्या मनात उत्पन्न करते. आधारसामग्रीच्या पूर्णतेविषयी अशी शंका येऊ न देणे हे संशोधकाचे कर्तव्यच होय.