संघराज्य आणि गरिबांचे औषधपाणी

अमेरिकेसारख्या संपन्न देशात गरिबाच्या औषधपाण्याचा खर्च कोणी सोसावा हा वाद अजून मिटलेला नाही, याचे पुष्कळांना नवल वाटते. पण हा वाद केवळ पैशाचा नव्हे. संघराज्यात जबाबदारी कोणाची, हे त्याचे मूळ आहे. आपल्या राज्यघटनेतही सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला विषय असल्यामुळे आपणांस तो समजून घेण्याजोगा आहे.

१९६५ साली अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दोन योजनांवर सही केली. वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’. पहिली केंद्राची, दुसरीचा खर्च केंद्र व राज्ये मिळून करतात, कारभार मात्र राज्ये पाहतात. मेडिकेडचा लाभ मुख्यतः मुले, गरोदर स्त्रिया, अपंग व गरीब वृद्ध यांना मिळे. मूलबाळ नसलेला, राबून खाणारा गरीब बहुतेक राज्यांत तिच्याबाहेरच राही.

२०१० च्या कायद्याने ही उणीव भरून काढावयाचे ठरविले. दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रौढांना मेडिकेडमध्ये घ्यावयाचे, आणि त्यांचा खर्च २०१४ पासून तीन वर्षे पूर्णपणे व २०२० पासून ९० टक्के केंद्राने द्यावयाचा, अशी ही योजना होती. नकार देणाऱ्या राज्याचे मेडिकेडचे सर्वच अनुदान थांबविता येणार होते. ही सक्ती होय, असा निर्णय २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. तेव्हापासून हा विस्तार राज्यांच्या मर्जीवर राहिला.

खरी गोम येथेच आहे. दारिद्र्यरेषेच्या वरील लोकांना खासगी विमा घेण्यासाठी कायद्याने मदत दिली. खालच्यांना मेडिकेड मिळेलच, असे गृहीत धरले. परिणामी नकार देणाऱ्या राज्यांत थोडे अधिक मिळविणाऱ्यास मदत होते आणि त्याहून गरीब असलेल्या कित्येक प्रौढांचे ताट रिकामेच राहते.

विरोधकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. दहा टक्के वाटादेखील राज्याच्या तिजोरीला जड जाईल, उद्या केंद्राने हात आखडता घेतला तर काय, असे ते विचारतात. यावर समर्थकांचे उत्तर असे की, आपल्या नागरिकांचा कर केंद्राकडे जातोच. मग त्याचा लाभ का सोडावा? शिवाय न फिटलेल्या बिलांचा भार इस्पितळांवर पडतो, तो वेगळाच.

या वादात पक्षाची रेघ नेहमीच सरळ राहिली नाही. ओहायोचे रिपब्लिकन गव्हर्नर जॉन केसिक यांनी २०१३ साली विस्तार स्वीकारला. मेन राज्यात विधिमंडळाने संमत केलेली विधेयके गव्हर्नरने नाकारली, तेव्हा २०१७ साली मतदारांनीच कौल दिला. पुढे आयडाहो, युटा, नेब्रास्का, ओक्लाहोमा, मिसुरी व साउथ डकोटा येथेही लोकांनी मतपेटीतून तोच मार्ग धरला. आतापर्यंत चाळीस राज्यांनी विस्तार स्वीकारला आहे. टेक्सास, फ्लोरिडा आदी दहा राज्ये बाहेर आहेत.

२०२५ च्या नव्या कायद्याने वादाला वेगळे वळण दिले. विस्तारात आलेल्या बहुतेक प्रौढांनी महिन्याला ८० तास काम, शिक्षण वा समाजसेवा केल्याचे दाखवावे, अशी अट २०२७ च्या आरंभापासून लागू करावयाची आहे. काम करणाऱ्यास ही अट जड नाही, असे तिचे पुरस्कर्ते म्हणतात. पण काम करणे वेगळे आणि ते कागदावर सिद्ध करणे वेगळे, हे रोजंदारीवर जगणाऱ्यांना पुरते ठाऊक असते.

राज्यांचे स्वातंत्र्य मोलाचे आहे, हे आम्हांस मान्य आहे. पण दोन सरकारांनी एकमेकांकडे बोट दाखवावे आणि मधल्या मध्ये आजाऱ्याने खितपत पडावे, हे काही संघराज्याचे प्रयोजन नव्हे.